पाहुण्यांना पोयाच्या माश्या दाखवताना काय दाखवावं, काय सांगावं?

सुरंगी

नमस्कार मंडळी.

राजापूर तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे आणि बागेतच पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या आहेत. सुट्टीला मुंबई-पुण्याची कुटुंबं येतात, हिवाळ्यात शाळांच्या सहली येतात. त्यांना बाग फिरवून दाखवायचं काम माझ्याकडे असतं. या फेरीत आम्ही सगळ्यात जास्त थांबतो ते पोयाच्या माश्यांपाशी. त्याबद्दल इथल्या जाणकारांशी बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना ही माशी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आग्या, सातेरी, फुलोरी या आपल्या ओळखीच्या मधमाश्या. पोया त्यांच्याहून कितीतरी लहान, जेमतेम चार मिलिमीटर, काळी. बरेच जण चिलट समजून झटकून टाकतात. शास्त्रीय नाव टेट्रागोनुला इरिडिपेनिस, जुन्या पुस्तकांत ट्रायगोना म्हणून सापडेल. नांगी असते, पण खुरटलेली, टोचण्याच्या कामाची राहिलेली नाही. झाडाच्या ढोलीत, चिऱ्याच्या भिंतीच्या सांध्यात, बांबूच्या पोकळीत, कधी कधी विजेच्या मीटरच्या खोक्यातही घर करते. जगातल्या उष्ण प्रदेशांत अशा बिननांगीच्या माश्यांच्या पाचशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या सगळ्यात जास्त दक्षिण अमेरिकेत.

पाहुणे आल्या आल्या दोनच गोष्टी विचारतात. चावते का? आणि मध मिळेल का? दुसऱ्या प्रश्नात सगळी फेरी वाहून जाते असा माझा अनुभव आहे. एकदा मधाचा विषय निघाला की भाव, गुण, खरं-खोटं, कुठे मिळतो, यातच अर्धा तास जातो आणि माशी बाजूला राहते.

माझं मत असं की ही माशी पाहुण्यांना मधासाठी दाखवू नये, तिच्या कामासाठी दाखवावी. सातेरीच्या पेटीपाशी मुलं दहा फुटांवर उभी राहतात आणि आपण बोलतो तेवढं ऐकतात. पोयाच्या दारापाशी आठ वर्षांचं पोर वीतभर अंतरावर बसून बघू शकतं. मधमाशी बाहेरून काय आणते, कुणाला आत घेते, कुणाला हाकलते, हे इतक्या जवळून बघायला दुसऱ्या कुठल्याच मधमाशीपाशी मिळत नाही. ती संधी चमचाभर मधात घालवायची नाही.

आमच्या पडवीमागच्या चिऱ्याच्या भिंतीत जुनं घर आहे. दोन चिऱ्यांच्या फटीतून करंगळीएवढी नळी बाहेर आलेली आहे. मुळाशी काळी, कडक; तोंडाशी तपकिरी, मऊ आणि चिकट, कारण तिथे रोज नवा थर चढतो. नळीच्या काठावर पहारेकरी माश्या गोल करून बसलेल्या असतात, सगळ्यांची तोंडं बाहेर. मुंगी त्या चिकट काठावर आली तर पुढे सरकत नाही. मी मुलांना केस बांधायला सांगते (फार छेडलं तर ह्या माश्या केसांत घुसतात आणि बारीक चावे घेतात), नळीसमोरची वाट मोकळी ठेवून बाजूला उकिडवं बसवते आणि आधी काहीच सांगत नाही. पाच मिनिटं नुसतं बघायचं.

मग विचारते, मागच्या पायांवर काय होतं? कुणी म्हणतं पिवळं, कुणी पांढरं, कुणी केशरी. ते पराग, रंग कोरडा आणि मातकट. एखाद्याला मात्र चकाकणारा तपकिरी थेंब दिसलेला असतो. तो झाडाचा चीक, राळ. मग मी त्यांना फणसाच्या खोडापाशी नेते. तिथे साल दुखावलेल्या जागी माश्या चीक खरवडताना दिसतात. हाच चीक घरी नेऊन मेणात कालवायचा आणि त्यातून दार, भिंती, मधाची मडकी, अंड्यांच्या कोठड्या, सगळं बांधायचं. निव्वळ मेणाचं काम यांच्याकडे फार कमी. काही माश्या आतून बारीकसा गोळा तोंडात धरून बाहेर येतात आणि लांब नेऊन टाकतात. तो कचरा. हे मुलांनी स्वतः शोधलेलं असलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आतलं दाखवायला एक पेटी आहे, झाकणाखाली पारदर्शक ॲक्रिलिक बसवलेली. आत षटकोनी पोळं नाही हे बघून मोठी माणसंही चकित होतात. एका बाजूला मधाची आणि परागांची गोल मडकी, मधोमध अंड्यांच्या कोठड्यांचा घोस. यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी: कामकरी माश्या कोठडीत आधी पिल्लाचं जन्मभराचं खाणं भरतात, मग राणी त्यावर अंडं घालते, आणि लगेच कोठडी बंद होते. पुढे त्या पिल्लाला कुणी भरवत नाही. माशी बाहेर पडली की ती कोठडी मोडून तोच माल दुसरीकडे वापरतात.

पर्यावरणाचं सांगायचं ते इथे सांगते. पोया फार लांब जात नाही, घरापासून साधारण अर्ध्या किलोमीटरच्या आतच तिचं सगळं जग. घर एकदा जमलं की वर्षानुवर्षं तिथेच. त्यामुळे ती जगते ती त्या अर्ध्या किलोमीटरवर. तिथे बारा महिने काही ना काही फुलतं का, चीक देणारी झाडं आहेत का, ढोल्या असलेली म्हातारी झाडं कुणी तोडली का, फवारणी कधी झाली. मी पाहुण्यांना विचारते, तुमच्या घराभोवती अर्ध्या किलोमीटरात आत्ता काय फुललंय? बहुतेकांना सांगता येत नाही. पण परत गेल्यावर त्यांचे फोटो येतात, हे झाड कुठलं म्हणून.

आता माझे प्रश्न. पाहुण्यांसाठी पेटी उघडावी का आणि किती वेळा? मध चाखायला द्यावा का? आणि मोठ्यांना परागीभवनाचं सांगताना कुठली पिकं सांगावीत, म्हणजे खोटं मोठेपण होणार नाही?

अपर्णा_ठाणे

सुरंगीताई, किती सुंदर लिहिलंत. आमच्या बाल्कनीच्या खिडकीच्या चौकटीतून अशीच काळी नळी आली आहे आणि मी ती वाळवी समजून पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन करणार होते! आता आधी निवांत बसून बघते. ठाण्यात आठव्या मजल्यावर या काय खात असतील?

दुसरं, माझी भाची सात महिन्यांची आहे. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं आहे की पोयाचा मध बाळगुटीला सगळ्यात चांगला. तुमच्याकडे मिळेल का?

सुरंगी

अपर्णा, बाळाला मध अजिबात देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलाच मध द्यायचा नसतो, पोयाचा नाही, सातेरीचा नाही, दुकानातला नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्याचं काही होत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. मध चाटवायची रीत आपल्याकडे जुनी आहे हे मला माहीत आहे. तरीही घरच्यांना समजावा, बालरोगतज्ज्ञांकडून ऐकवा. फेरीत प्रत्येक गटात कुणीतरी हे विचारतं, त्यामुळे आता मी न विचारता सांगते. तसंच डोळ्यांत घालण्याचं. हा मध डोळ्यांना चांगला असं गावोगाव म्हणतात. डोळ्यांत कच्चा मध घालू नये, डॉक्टरांना दाखवावं.

तुमच्या खिडकीचं: तुळस, जास्वंद, ऑफिसटाइम, शेवगा, नारळ, रस्त्याकडेची पेल्टोफोरमची झाडं. शहरात त्यांना खायला बरंच असतं. अडचण येते ती घराच्या जागेची आणि औषधांची. सोसायटीला सांगा की ही डंख मारत नाही आणि लाकूड पोखरत नाही, आधीच असलेल्या पोकळीत राहते.

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. शाळेच्या जुन्या दगडी भिंतीत पोया आहेत. आम्ही करतो ते सांगतो, तुमच्या फेरीत बसतं का बघा.

दोन-दोन मुलांची जोडी करायची. एकाच्या हातात घड्याळ, दुसऱ्याच्या हातात पाटी. एका मिनिटात किती माश्या आत गेल्या, त्यातल्या किती पराग घेऊन, किती चीक घेऊन, किती मोकळ्या पायांनी, एवढंच मोजायचं. मोकळ्या दिसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी पोटातल्या पिशवीतून मकरंद आणत असतात, हे नंतर सांगायचं. सकाळी शाळा भरताना एकदा, मधल्या सुट्टीत एकदा, सुटताना एकदा. फळ्यावर स्तंभालेख काढला की सकाळी ऊन चढल्यावर गर्दी कशी वाढते आणि ढगाळ दिवशी कशी ओसरते ते पोरांना आपोआप दिसतं. पाचवीच्या गणितात यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही.

लहान मुलांचं लक्ष वेधायला आणखी एक. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या अंबरमध्ये (झाडाच्या दगड झालेल्या चिकात) बिननांगीच्या माशीचा जीवाश्म सापडला आहे, क्रेटोट्रायगोना प्रिस्का. तो क्रिटेशियस काळाच्या अखेरचा. म्हणजे ह्या माशीचे नातेवाईक डायनासोर होते तेव्हाही होते, आणि गंमत म्हणजे अडकले ते झाडाच्या चिकातच. हे ऐकलं की मागच्या बाकावरचाही पुढे येतो.

पेटीवाला

ताई, लेख आवडला पण एका मुद्द्यावर माझं वेगळं म्हणणं आहे. मी सिंधुदुर्गात सातेरी आणि पोया दोन्ही पाळतो. मधाशिवाय दाखवा हे म्हणायला ठीक आहे, पण माणूस चवीनं लक्षात ठेवतो. पोयाचा मध जिभेवर ठेवला की आंबटपणा लागतो, मागून किंचित कडवट, चिकाचा वास. साध्या मधापेक्षा पाणी जास्त, म्हणून पातळ. ही चव ज्यानं घेतली तो माशी विसरत नाही. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. तिथे लोक सातेरीच्या पेट्या बघायला जातात त्यात मधाचं आकर्षण आहेच, आणि त्यातून गावाला चार पैसेही मिळतात. त्यात वाईट काय?

पोयाच्या वसाहतीतून वर्षाला काही शे ग्रॅम मध निघतो. तेवढ्यातला थेंब थेंब दिला तर कुणाचं नुकसान नाही. केरळात घरोघर मडक्यात, बांबूत, लाकडी पेटीत पोया पाळतात, पिढ्यान्‌पिढ्या मध काढतात, आणि म्हणूनच तिथे ती माशी टिकली आहे. ज्याचा उपयोग त्याची राखण.

पेटी उघडण्याबद्दल विचारलंत, ते सांगतो. ॲक्रिलिकवरचं झाकण काढून दोन-तीन मिनिटं बघावं आणि लगेच झाकावं. ॲक्रिलिक उचलायचंच नाही. मडकी फुटली, मध सांडला की मुंग्या आल्याच. पेटीच्या स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात.

सुरंगी

पेटीवाले दादा, केरळचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. पण तिथे मागणीबरोबर वसाहत विभागायची विद्याही घरोघर आहे. आपल्याकडे मागणी आधी आली. मध महाग जातो हे कळल्यावर काय होतंय ते मी आमच्याच वाडीत बघते. भिंती उकरतात, ऐनाची, किंजळाची ढोलीवाली झाडं कुऱ्हाडीनं फोडतात, वाटीभर मध काढतात, आणि कोठड्यांचा घोस तिथेच मातीत टाकून देतात. राणीचं पोट अंड्यांनी इतकं फुगलेलं असतं की तिला उडता येत नाही. सातेरीसारखं घर सोडून दुसरीकडे जाता येत नाही तिला. घर फुटलं की वसाहत संपली.

म्हणून पाहुण्यांच्या जिभेवर मध ठेवायला मला भीती वाटते. दहा जणांतला एक जण दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन विचारणार, पोयाचा मध आहे का? आणि बाजारात येणारा पोयाचा मध बहुतेक फोडलेल्या झाडातला असतो.

पेटीवाला

ते मान्य. मग चव देताना हेच सांगा की कुणाकडून घ्यायचा. जो पाळतो आणि विभागून वाढवतो त्याच्याकडून. मी पाहुण्यांना विभागलेल्या पेट्या दाखवतो. भरलेली पेटी घ्यायची, कोठड्यांचा घोस अर्धा वेगळा करायचा, पिकलेल्या कोठड्यांपैकी राणीची मोठी कोठडी ज्या भागात आहे तो नव्या पेटीत, थोडी परागांची मडकी सोबत, फुटलेली मडकी अजिबात नाही. नवी पेटी जुन्या जागी ठेवायची म्हणजे बाहेरून येणाऱ्या माश्या तिच्यात शिरतात. फुलोरा असतानाच करायचं.

भिंतीतलं घर पेटीत आणायचं असेल तर भिंत फोडायची गरज नसते. दाराच्या नळीला पाइप जोडून तो रिकाम्या पेटीत सोडायचा आणि पेटीला दुसरीकडून दार ठेवायचं. माश्यांना रोज पेटीतून जा-ये करावी लागते. काही महिन्यांत त्या पेटीत मडकी बांधायला लागतात, पुढे कोठड्याही. वेळ लागतो, पण मूळ घर शाबूत राहतं. हे पाहुण्यांना दाखवलं तर ते कुऱ्हाडवाल्याला प्रश्न विचारतील.

चवीबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

मांडवी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून. आमच्या काजूच्या बागेत पोया भरपूर. तुम्ही पिकांचं विचारलंत म्हणून लिहिते.

काजूच्या मोहोरात एकाच तुऱ्यावर नरफुलं आणि दोन्ही इंद्रियांची फुलं असतात, नरफुलं खूप जास्त. पराग चिकट, वाऱ्यानं जात नाही. किडे आले तरच काम होतं. पोया तिथे दिसते, पण तिच्या जोडीला सातेरी, मुंग्या आणि निरनिराळ्या माश्याही दिसतात. आंब्याच्या मोहोरावर तर साध्या माश्यांचं काम फार मोठं आहे, ज्यांच्याकडे कुणी बघतही नाही. म्हणून पाहुण्यांना असं सांगू नका की पोया गेली की आंबा गेला. असं सांगा की मोहोरावर राबणाऱ्यांची मोठी टोळी आहे आणि पोया त्यातली एक. आम्ही सकाळी एका तुऱ्यासमोर पाहुण्यांना उभं करतो आणि कोण कोण येतं त्याची यादी करायला लावतो. नावं येत नसली तरी चालतं, काळी बारीक, हिरवी चकचकीत, पट्ट्यापट्ट्यांची, असं लिहितात.

नारळाचं नक्की सांगा. नारळाच्या तुऱ्यावर पोया बारा महिने असते, आणि कोकण-गोव्यात प्रत्येक घरामागे नारळ आहे. पाहुण्यांना ते लगेच पटतं.

पाटाचं_पाणी

मी सांगलीकडचा. पॉलीहाऊसमध्ये काकडी आहे, शेजारी टोमॅटो. पोयाच्या पेट्या आणून ठेवल्या तर उतारा वाढेल का? एका विक्रेत्यानं दोन्हीला चालतात म्हणून सांगितलं.

पेटीवाला

भाऊ, घाई करू नका. पॉलीहाऊसमधली काकडी बहुतेक परागीभवनाशिवाय फळ धरणाऱ्या वाणाची असते. तिच्यावर माशी सोडून फायदा नाही, उलट फळात बी धरून आकार बिघडू शकतो. बियाण्याचं पाकीट बघा. टोमॅटोचं फूल वेगळं. त्याचे पराग नळीसारख्या परागकोशात असतात, फूल थरथरवलं तर बाहेर पडतात. ते काम निळ्या पट्ट्यांची अमेगिला माशी करते, फुलाला धरून पंखांच्या स्नायूंनी गुणगुणत हलवते. आपल्या पोयाला ते जमत नाही. मोकळ्या रानातली कारली, कलिंगड, कोथिंबिरीचं किंवा कांद्याचं बी असेल तर पेट्या ठेवून बघा. फवारणी संध्याकाळी उशिरा, माश्या घरी परतल्यावर, आणि फुलोऱ्यात शक्यतो नकोच.

पाटाचं_पाणी

पाकीट पाहिलं. तुम्ही म्हणता तेच आहे. पैसे वाचले. कांद्याचं बी धरतो आम्ही दरवर्षी, त्याच्या बांधावर ठेवून बघतो.

ब्रिस्बेनकर

धागा वाचून राहवलं नाही. इथे क्वीन्सलंडमध्ये आपल्या पोयाची बहीण आहे, टेट्रागोनुला कार्बोनेरिया. तिच्या कोठड्या घोसात नसतात, एकाखाली एक वळत जाणाऱ्या गोल जिन्यासारख्या असतात, वरून बघताना डोळे ठरत नाहीत. माझ्या परसात एक पेटी आहे, मुलांच्या शाळेतही आहे. इथे खूप लोक मध न काढता नुसत्या पाळतात. मॅकाडेमियाच्या बागांत परागीभवनासाठी नेतात. इथल्या आदिवासी समाजांना ही माशी हजारो वर्षांपासून ठाऊक आहे. तिचं काळं मेण डिजेरिडू या फुंकून वाजवायच्या वाद्याच्या तोंडाला लावतात आणि मधाला शुगरबॅग म्हणतात.

पाहुण्यांना आधीच सांगून ठेवावी अशी एक गोष्ट. कधी कधी सकाळी पेटीखाली शेकडो मेलेल्या माश्या दिसतात, जोडीजोडीनं एकमेकींना जबड्यात धरलेल्या. लोक घाबरतात, रोग म्हणतात, औषध मारलं म्हणतात. इथल्या जातीत दोन वसाहतींची घरावरून लढाई होते, ती ही. आपल्या पोयात अशी मोठी युद्धं बघितलीत का कुणी?

मधाबद्दल: २०२० साली क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की इथल्या, मलेशियातल्या आणि ब्राझीलमधल्या काही बिननांगीच्या माश्यांच्या मधात ट्रेहॅल्युलोज नावाची साखर भरपूर असते. ती रक्तात हळूहळू उतरते. बातमी आली आणि लगेच मधुमेहाचं औषध म्हणून जाहिराती सुरू झाल्या. तुमच्या पाहुण्यांपैकी कुणी ते विचारेलच. मध हा शेवटी साखरच आहे, मधुमेह्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढं सांगा.

सुरंगी

दादा, फार उपयोगी. आमच्याकडे दोन घरं जवळ असली तर दाराशी झटापट होते, थोड्या माश्या पडतात, पण शेकड्यांनी पडलेल्या मी पाहिल्या नाहीत. पेटीवाले दादांच्या पेट्या शेजारी शेजारी असतात, त्यांनी सांगावं.

पेटीवाला

पेट्या फार जवळ ठेवल्या आणि मध सांडला तर लूट होते. विभागणी केल्यावर नवी पेटी कमजोर असते, तिच्या दाराची नळी बारीक ठेवली तर पहारा सोपा जातो. म्हणून मी पेट्यांत अंतर ठेवतो आणि दारं वेगवेगळ्या दिशांना करतो.

दगडीवाट

आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी गडांवर श्रमदान करतो. तटबंदीच्या दगडांच्या सांध्यात, देवळाच्या जोत्यात, दीपमाळेत पोयाची घरं असतात. दुरुस्तीच्या वेळी कंत्राटदाराची माणसं सांधे भरत येतात आणि नळीसकट सगळं बुजवून टाकतात. आतली वसाहत कोंडून मरते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि अजून मनातून जात नाही. त्या माश्या कदाचित त्या दगडांत आपल्या जन्माआधीपासून नांदत असतील.

आता आम्ही काम सुरू व्हायच्या आधी सकाळी उन्हात भिंतीच्या कडेनं चालतो. नळी दिसली की खडूनं गोल करतो आणि तिथे बोटभर जाडीचा पाइपचा तुकडा बसवायला सांगतो. चुना भरला तरी दार मोकळं राहतं. बहुतेक गवंडी ऐकतात. एकदा नळीपाशी बसवून दाखवलं की स्वतःच पुढची नळी शोधून देतात. गावातल्या देवळाचा जीर्णोद्धार असेल त्या सगळ्यांनी हे करावं अशी विनंती. सुरंगीताई, तुमच्या फेरीत येणाऱ्यांना हे जरूर सांगा, कारण घराघरांत चिऱ्याच्या भिंतींना गिलावा करायचं काम चालूच असतं.

अपर्णा_ठाणे

मी आज सकाळी नळीसमोर बसले होते. पहारेकरी माश्या दिसल्या! पायावर पांढरे पराग आणणाऱ्या खूप होत्या. खाली शेवगा फुललाय, त्याचेच असावेत का? बाळगुटीचं घरी सांगितलं, डॉक्टरांनीही तेच सांगितलं, विषय मिटला. सोसायटीच्या मीटिंगमध्ये रंगकामाचा विषय आहे. दगडीवाट, तुमचा पाइपचा तुकडा खिडकीच्या चौकटीला चालेल का?

दगडीवाट

चालेल. रंगाऱ्याला फक्त एवढं सांगा की नळीवर रंग लावू नये आणि तिच्याभोवती वीतभर जागा शेवटी, संध्याकाळी उशिरा रंगवावी. ओला रंग दाराशी राहिला तर माश्या त्याला चिकटतात.

सुरंगी

अपर्णा, परागांवरून झाड ओळखायचं असेल तर सरळ खाली जाऊन शेवग्याच्या फुलावर बोट फिरवा आणि रंग जुळवून बघा. मुलांना हा खेळ फार आवडतो.

सगळ्यांचे मनापासून आभार. फेरीत काय काय बदलते ते सांगते. खडूफळा सरांची मिनिटभराची मोजणी घेणार आहे, पाट्या आणि पेन्सिली काढून ठेवल्या आहेत. मांडवीताईंची मोहोरासमोरची यादी त्याच्या आधी, म्हणजे पोया एकटीच सगळं करते असा समज आधीच होणार नाही. गवंडी-रंगाऱ्याला काय सांगायचं ते भिंतीपाशीच सांगणार, कारण ते ऐकून माणूस घरी जाऊन लगेच काहीतरी करू शकतो. पेटीचं ॲक्रिलिक उघडायचं नाही आणि वरचं झाकण एका गटाला एकदाच.

चवीचं मात्र मी अजून थांबवून ठेवते आहे. पेटीवाले दादा, तुमची विभागणी बघायला मोहोराच्या दिवसांत येते. पाहुण्यांना एक चव दाखवायची असेल तर ती तुमच्या विभागलेल्या पेटीतली असेल, आणि शेजारी ती पेटीही उभी असेल. वर्षाच्या आतलं बाळ सोबत असलेल्यांना आधीच सांगून.

खडूफळा

ताई, मोजणीचे कागद जमले की इथे टाका. आमच्या शाळेचे आकडे मी टाकतो. समुद्रकाठची बाग आणि घाटावरची शाळा, दोन्हीकडे सकाळची गर्दी किती वाजता सुरू होते ते पोरांना ताडून बघता येईल.

पेटीवाला

जानेवारीच्या शेवटी या. येताना रिकामी पेटी आणा, आतून रंग न लावलेली.